दोघांनी मिळून ट्रेल अल्ट्रा पळायची असेल तर... सोलापूरवाल्यांसाठी

ट्रेल अल्ट्रा म्हणजे डोंगरातल्या पायवाटांवरची लांब पल्ल्याची रेस. सगळ्यात आधी एक गोष्ट क्लिअर करून टाका, "सोबत पळायचं" म्हणजे नक्की काय करायचं. बहुतेक जोड्या फॉर्म भरतात, तिकीट काढतात, बुटांवर दोन-दोन तास बोलतात आणि नेमका हाच विषय राहून जातो. मग रेसमध्ये अर्ध्या वाटेत एकाची मांडी धरते, दुसऱ्याचे पाय अजून ताजे असतात, तो सारखा घड्याळ बघतो, हा म्हणतो "तू हो पुढं" आणि मनात म्हणतो गेला तर बघून घेतो तुला. हे सगळं सात रस्त्यावर चहा पिताना ठरवायचं असतं, डोंगरात नाही.

शेवटपर्यंत एकत्र राहायचं, की अमुक चेकपॉइंटपर्यंत एकत्र आणि मग ज्याची त्याची रेस, की नुसतं जाणं-येणं आणि राहणं सोबत, यातलं काहीही चालतं, कुणी कमीपणा मानू नये. पण तोंडानं बोला. शेवटपर्यंत एकत्र ठरलं असेल तर जो हळू आहे त्याचा टाइम तोच दोघांचा टाइम, विषय संपला. फास्ट माणसाला हे आतून पटत नसेल तर त्यानं आत्ताच सांगावं, रेसभर दहा पावलं पुढं जाऊन कमरेवर हात ठेवून उभं राहणारा पार्टनर काय कामाचा. मागचा जेमतेम पोचतो तोवर ह्याची विश्रांती झालेली असते आणि हा निघतो, म्हणजे ज्याला दम लागलाय त्यालाच थांबायला मिळत नाही.

आता रेस कुठली घ्यायची. आपल्याला जवळची आणि नावाजलेली म्हणजे एसआरटी अल्ट्रा, सिंहगड-राजगड-तोरणा हा ट्रेकवाल्यांचा जुना रूट आहे त्याच्यावर होते, साधारण डिसेंबरात, ११, २५, ५३ किमी अशी वेगवेगळी अंतरं असतात. तोरणा १४०३ मीटर उंच आहे आणि आपलं सोलापूर साडेचारशेच्या आसपास, तेही परातीसारखं सपाट, त्यामुळं रोडवर फुल मॅरेथॉन मारलेल्यानं सुद्धा पहिल्यांदा २५ च घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. होटगी रोडवर २५ किमी तुम्ही अडीच तासात काढत असाल, ते गणित इथं विसरा. अंदाज काढायला नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा नियम अजून चालतो, दर ५ किमीला १ तास आणि वर दर ६०० मीटर चढाईला आणखी १ तास. म्हणजे २५ किमी आणि १२०० मीटर चढ असेल तर ५ आणि २ असे ७ तास, हे चालत. मध्ये मध्ये पळणारे ह्याच्या आत येतात, पण कट-ऑफ, म्हणजे रेस संपवायची शेवटची वेळ, बघताना दोघांतला हळू माणूस धरून हाच आकडा समोर ठेवा.

रेसचे नियम दोघांनी वेगवेगळे वाचा, एकानं वाचून दुसऱ्याला सांगू नका. बाहेरच्या माणसाकडून मदत घेतली तर बाद करतात का, हेडलॅम्प (डोक्याला बांधायची बॅटरी), शिट्टी, पाण्याची क्षमता किती सक्तीची, हे रेसप्रमाणं बदलतं. आणि "दोघांत एक हेडलॅम्प पुरतो की" हा विचार मनातून काढून टाका, सक्तीचं सामान प्रत्येकाकडं स्वतःचं लागतं, आणि वाट चुकून वेगळे झालात तर तो एक हेडलॅम्प कुणाकडं असणार?

ट्रेनिंगची अडचण सगळ्यांना माहीत आहे, डोंगर नाही. सपाटीसाठी आपल्याकडं कमी नाही, विजापूर रोडचं वनविहार आहे, कॅनॉलच्या कडेचे मुरमाचे रस्ते आहेत, हिप्परग्याच्या बाजूला वस्त्यांमधून जाणाऱ्या पायवाटा आहेत. कॅनॉलला दोघांनीच जा, वस्तीवरची कुत्री एकट्याला जास्त दमवतात. पावसाळ्यात काळ्या रानात शिरू नका, एकेका बुटाला किलोभर चिखल लागतो. आणि नान्नजचं माळरान कितीही भारी दिसलं तरी ते माळढोकाचं अभयारण्य आहे, तिथं परवानगीशिवाय पळायला जायचं नाही.

चढासाठी तुळजापूरचा घाट. पहाटे गाडीनं घाटाच्या पायथ्याला जा, उजाडलं की सुरू करा, वर जाताना झपझप चालायचं आणि खाली येताना पळायचं, असं जमतील तेवढ्या वेळा. ट्रकची वर्दळ असते म्हणून एकामागं एक, समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा बाजूनं. लोक चढाला घाबरतात पण खरी वाट लागते उतारात. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलतो, त्यानं त्याची आतली बारीक झीज होते आणि दोन दिवसांनी जिना उतरताना रडू येतं. गंमत अशी की असा एक उताराचा वर्कआउट झाला की पुढचे काही आठवडे तोच उतार तेवढा दुखवत नाही, शरीर शिकतं. म्हणून रेसच्या तीन-चार आठवडे आधी एक जोरदार उताराचा दिवस झालाच पाहिजे. घाटात जाणं दर आठवड्याला जमत नसेल तर पार्क स्टेडियमच्या पायऱ्या किंवा कुठल्याही सहा मजली बिल्डिंगचा जिना, वॉचमनला आधी सांगून ठेवा नाहीतर तो तुम्हाला चोर समजतो.

आणि एक फुकटची प्रॅक्टिस आपल्याकडं आहे जी पुणे-मुंबईवाल्यांना मिळत नाही, कोजागरीची. सोलापुरातून तुळजापूरला रात्रभर चालत जाणारे हजारो लोक असतात, अंतर ४५ किमीच्या आसपास, शेवटी घाट. रेस डिसेंबरात असेल तर कोजागरी साधारण दोन महिने आधी येते, टायमिंग एकदम परफेक्ट. दोघांनी रेसची बॅग, रेसचे बूट, रेसचे मोजे घालून जायचं. पळायचं नाही, नुसतं चालायचं. रात्री दोन वाजता झोपेत पाय टाकताना आपला पार्टनर बडबड करतो की गप्प होतो की चिडतो हे तिथं कळतं, काखेत कुठं घासतं, कुठला मोजा गोळा होतो हेही तिथंच कळतं. बाजूनं अनवाणी चाललेली साठीची मावशी तुम्हाला मागं टाकून जाते तेव्हा आठ-दहा हजाराच्या बुटांचा माज पण जागेवर येतो.

खाण्याचं बघू. तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब पोटात गेले पाहिजेत, मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात त्यावरून हिशेब करा. पळताना चोखायच्या गोड एनर्जी जेलच्या पुड्या महाग आहेत आणि चार-पाच झाल्यावर त्या गोडाची शिसारी येते. आपल्या घरात जे आहे ते चांगलं चालतं, खजूर, राजगिऱ्याचा लाडू, मीठ लावलेले उकडलेले बटाटे. शेंगापोळी तर ह्याच कामासाठी बनवलीय असं वाटतं, टिकते, चुरा होत नाही, फक्त शेंगदाण्याचं तेल पचायला वेळ लागतो म्हणून ती सुरुवातीच्या तासांत नाहीतर चालत चढताना खा, पळायच्या पट्ट्यात नको. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मात्र रेस संपल्यावर. कोरड्या तोंडात ती कडक भाकरी फिरत राहते आणि चटणीचा तिखटपणा घशाला लागला की ठसका, पाणी, परत ठसका. दोघांनी सेम खायचा अट्टहास करू नका, पण दुसऱ्याच्या बॅगेत काय कुठल्या कप्प्यात आहे हे पाठ पाहिजे.

ओआरएसचं नीट ऐका. डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं मोठं पाकीट १ लिटरसाठी असतं, ५०० मिलीच्या बाटलीत अर्धंच टाकायचं. पूर्ण टाकलं की जास्त ताकद येते असं काही नसतं, उलट मळमळतं. आणि नुसतं पाणी ढोसत राहणं हेही धोक्याचं आहे, रक्तातलं सोडियम पातळ होतं, बोटं सुजतात, अंगठी घट्ट होते, डोकं दुखतं, माणूस गोंधळतो. आपल्याला कोरड्या उन्हाची सवय, टी-शर्टवर मिठाचे पांढरे डाग पडले की कळतं किती गेलं. तिकडं दमट हवा मिळाली तर घाम वाळतच नाही, अंग थंड होत नाही आणि पेस म्हणजे पळायचा वेग आपोआप पडतो, तेव्हा घाबरू नका, हळू व्हा.

दुखायला लागलं म्हणून मित्राच्या बॅगेतली पेनकिलर मारायची नाही. तासन्‌तास पळताना, पाणी कमी पडलेलं असताना त्या गोळ्या किडनीला महागात पडू शकतात. मित्रानं मागितली तरी देऊ नका, शिव्या खाल्ल्या तरी चालेल.

रेसच्या दिवशीचं. पहिले ५ किमी सगळे उधळलेले असतात, ते जाऊ द्या. चढावर हळू माणूस पुढं, फास्ट माणूस मागं, हा एकच नियम पाळला तरी निम्मी भांडणं मिटतात, कारण पुढचा आपल्या दमानं चढतो आणि मागच्याला गप्प पेस घ्यावाच लागतो. उतारावर उलटं केलं तरी चालेल, पण घसाऱ्यात अंतर ठेवा, वरच्याच्या पायाखालचा दगड सुटला की तो खालच्याच्या घोट्यावरच येतो, आणि सुटला की "दगड!" म्हणून ओरडायचं, सॉरी नंतर. मागून कुणी आलं तर दोघांनी एकाच बाजूला व्हा, एक डावीकडं एक उजवीकडं असं नको.

छोट्या गोष्टीत वेळ वाचतो. मित्राच्या बॅगेची मागची चेन चालता चालता उघडायची, लाडू काढून त्याच्या हातात द्यायचा, चेन लावायची, कुणी थांबायचं नाही. हे घरी प्रॅक्टिस करा, हसू नका. पावसाळ्यानंतरच्या वाळल्या गवतात कुसळं मोज्यात घुसतात, एक घुसलं की दोघांनी तिथंच थांबायचं, बूट काढायचा, मोजा उलटा करून नखानं कुसळ मुळापासून काढायचं. "पुढच्या चेकपॉइंटला बघू" म्हटलं की तोवर त्याची जखम होते. एक बसलाय तोवर दुसऱ्यानं बाटल्या हलवून पाणी किती उरलंय ते बघायचं, उभं राहून मोबाइल काढायचा नाही.

आणि सारखं बोलायची गरज नाही. दोघांचे वाईट तास शक्यतो एकाच वेळी येत नाहीत, सोबत पळण्यातला सगळा फायदा हाच आहे, एक पडलेला असतो तेव्हा दुसरा बरा असतो. बऱ्यानं एवढंच करायचं, "त्या झाडापर्यंत पळू, मग चालू". भाषणं देऊ नका. "काय बे, पळूलालास का झोपूलालास?" हे आपलं सोलापुरी मोटिव्हेशन पहिल्या दहा किलोमीटरला चालतं, चाळिसाव्याला त्यावरून मैत्री तुटू शकते.

रेस सोडायची वेळ आली तर. सोडतो असं चढावर बोललेलं धरायचं नाही, चेकपॉइंटला यायचं, बसायचं, काहीतरी खारट खायचं, दहा मिनिटं जाऊ द्यायची आणि मग ठरवायचं. तेव्हाही सोडायचंच असेल तर दुसऱ्यानं वाद घालू नये. एक सोडतोय म्हणून दुसऱ्यानं पण सोडायचं का, हे आधी ठरलेलं पाहिजे, माझ्या मते नाही, जखम किंवा चक्कर नसेल आणि तो व्हॉलंटियरच्या ताब्यात असेल तर दुसऱ्यानं पुढं जावं. सोडणाऱ्यानं बिब (छातीवर लावायचा रेसचा कागद) वरचा नंबर सांगून नोंद करायचीच, नाहीतर रात्री लोक तुम्हाला डोंगरात शोधत बसतात. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, अडखळायला लागला, उन्हात थंडी वाजते म्हणाला, तर रेस तिथंच संपली, दोघांची. त्याला सावलीत बसवा, मागून येणाऱ्याबरोबर पुढं निरोप पाठवा आणि मदत येईपर्यंत त्याला सोडून हलू नका.

घरी आधीच सांगून ठेवा की डोंगरात तास-दोन तास रेंज नसते. नाहीतर तुमचा लागत नाही म्हणून वहिनी मित्राला फोन करणार, त्याचा लागत नाही म्हणून त्याच्या घरचे तुमच्या घरी करणार, आणि तुम्ही खाली येऊन मोबाइल बघाल तेव्हा तीस मिस्ड कॉल. एकमेकांच्या घरचा नंबर आणि स्वतःचा ब्लड ग्रुप बिबच्या मागं पेनानं लिहा.

फिनिशला हात धरून आलात तरी चिप टायमिंगमध्ये एखादा सेकंद मागंपुढं होतो, त्यावरून ग्रुपवर सुरू होऊ नका.

येताना स्वतः गाडी चालवायची नाही. थकलेल्या पायांनी अडीचशे किलोमीटर, त्यात दोघंही पेंगलेले, हे अजिबात नको. त्याच दिवशीची संध्याकाळची हुतात्मा एक्सप्रेस गाठायचा पण हट्ट करू नका, डोंगरातल्या गावातून पुणे स्टेशनला यायलाच कितीतरी वेळ जातो. रात्र पुण्यात काढा, दुसऱ्या दिवशीचं तिकीट आधीच काढून ठेवा आणि दोघांपैकी ज्याचा गुडघा जास्त धरलाय त्याला कडेची सीट द्या, पाय पसरायला. डब्याची पायरी उतरताना मात्र उलटं तोंड करून, दांडा धरून उतरा. लोक बघतील, बघू द्या.