टेप मशीनवर चढवण्याआधी: रेडिओच्या बातम्या आणि संशोधनाची माहिती जपण्याची तयारी

विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहात जुन्या रेडिओ बातम्या घ्यायच्या ठरल्या की पहिली बैठक मशीनवरच होते. टेप वाजवणारा डेक कुठला घ्यायचा, जागा किती टेराबाइट लागेल, निविदा कधी काढायची. हे सगळं लागणारच आहे, पण तयारी सुरू करा ती फोनच्या वहीपासून. वृत्तविभागात काम केलेली माणसं, बातमीपत्र वाचणारे, टेप लायब्ररी सांभाळणारे, बाहेर जाऊन मुलाखती मुद्रित करणारे तंत्रज्ञ, यांची नावं आणि फोन नंबर एका कागदावर उतरवा. यातले बरेच जण आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. टेप कपाटात अजून दोन-चार वर्षं थांबेल, ही माणसं थांबतील याची खात्री नाही.

हे मी का सांगतोय, तर एका डब्यामुळे. पुठ्ठ्याचा चौकोनी डबा, कडा झिजलेल्या, वर निळ्या शाईत एवढंच लिहिलेलं: ‘२० अग्रहायण ८९, गावकरी’. नोंदी करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्याने सरळ १९८९ लिहिलं आणि पुढचा डबा घेतला. एक निवृत्त वृत्तनिवेदिका भेटायला आल्या होत्या, त्यांनी डबा हातात घेतला आणि म्हणाल्या, ‘अहो, हे शके आहे.’ सरकारी सौर कॅलेंडर २२ मार्च १९५७ पासून लागू झालं आणि आकाशवाणीवर ती तारीख रोज सांगितली जाते. त्यांच्या जिभेवर ती असणारच. शके १८८९, २० अग्रहायण म्हणजे ११ डिसेंबर १९६७. त्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला होता. बावीस वर्षं चुकलेली एक नोंद, आणि ती टेप कोणत्याच अभ्यासकाला कधी सापडली नसती. म्हणून यादीतलं पहिलं काम: प्रत्येक डब्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा, डब्यावरचं जसंच्या तसं नोंदवहीत उतरवा, आणि तारखेचा तुम्ही लावलेला अर्थ वेगळ्या रकान्यात लिहा. मूळ अक्षर आणि आपला अंदाज एकत्र करू नका.

डब्यातली चिठ्ठी, टाचलेली संहिता, मागे लिहिलेला क्रमांक, काहीही टाकू नका. बातमीपत्रं थेट वाचली जायची आणि टेप महाग, त्यामुळे पुसून पुन्हा वापरायची रीत जगभर होती. अनेक दिवसांच्या बाबतीत आवाज गेलाय आणि उरलीय ती फक्त टंकलिखित किंवा हाताने लिहिलेली संहिता, शेवटच्या क्षणी पेनने खोडलेल्या ओळींसकट. ती खोडाखोडसुद्धा स्कॅन करा. कुठली बातमी आयत्या वेळी गळली, हे संशोधकाला बातमीइतकंच मोलाचं असतं.

मग टेपची तपासणी. एकच खोली, स्वच्छ टेबल, हातमोजे, आणि घाई नसलेला माणूस. रीळ उजेडासमोर धरा: कडेने प्रकाश आरपार आला तर टेपची पट्टी बहुधा ॲसिटेट या प्लास्टिकची, नाही आला तर पॉलिस्टरची. ॲसिटेटच्या डब्यातून व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर टेप कुजायला लागलीय. ती लगेच वेगळ्या कपाटात न्या, कारण त्या वाफेने शेजारची टेपही बिघडते. मुद्रणाच्या, म्हणजे टेपचा आवाज संगणकात उतरवण्याच्या, रांगेत तिला सगळ्यात पुढे बसवा. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही पॉलिस्टर टेपचा रोग वेगळा. त्या चिकट होतात, वाजताना किंचाळतात आणि हेडवर, म्हणजे यंत्राच्या टेप वाचणाऱ्या भागावर, तपकिरी राप सोडतात. अशी टेप पन्नास अंशांच्या आसपास काही तास नियंत्रित उष्णतेत ठेवून तात्पुरती वाजण्याजोगी करता येते, पण ते जाणकाराचं काम आहे. ॲसिटेट टेपला ती उष्णता कधीही देऊ नका. बुरशी दिसली तर मशीनला लावायचीच नाही. मास्क घालून, बाकीच्या संग्रहापासून लांब, आधी स्वच्छता. पावसाळ्यात नवा साठा ताब्यात घेणं शक्य असेल तर टाळा. रिळं पुस्तकांसारखी उभी ठेवा, जमिनीपासून वर, बाहेरच्या भिंतीला कपाट न टेकवता.

वाजवण्याचं यंत्र आता नवं सहसा मिळत नाही, बहुधा जुनंच दुरुस्त करून घ्यावं लागतं. दुरुस्ती करणारा माणूस आणि सुटे भाग दोन्ही दुर्मीळ झालेत. युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय ध्वनिसंग्रह संघटनेने चुंबकीय टेपविषयी जो इशारा दिला त्याचं मूळ हेच होतं. त्यात २०२५ हे वर्ष मर्यादा म्हणून सांगितलं होतं आणि आपण ते ओलांडलंय. तेव्हा चालू स्थितीतला एक डेक आणि सुट्या भागांसाठी दुसरा, अशी जोडी जमवा. १९ आणि ३८ सेंटिमीटर प्रतिसेकंद हे दोन्ही वेग त्यावर हवेत, साडेनऊही असला तर उत्तम. प्रत्येक टेपनंतर हेड साफ करायचं, कॅसेट असेल तर हेडचा कोन दर वेळी कानाने ऐकून जुळवायचा. मुद्रण ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, ब्रॉडकास्ट वेव्ह या आवाज न दाबता साठवणाऱ्या फाइलमध्ये. एमपी३ फक्त ऐकवण्यासाठी, जपण्यासाठी कधीच नाही. एका वाहिनीच्या तासाभराच्या आवाजाला साधारण एक जीबी जागा लागते, म्हणजे अर्ध्या तासाच्या दोनशे रिळांना शंभर जीबीच्या आसपास. जागेचं कोडं वाटतं तेवढं अवघड नाही. वेळेचं आहे: आमच्याकडे एका तासाच्या टेपला तपासणी, मुद्रण आणि नोंद धरून तीन तास जातात. माणसांचा पगार अंदाजपत्रकात यंत्राच्या वर लिहा.

खरखर काढून आवाज ‘छान’ करण्याचा मोह होईल. मूळ प्रत जशी निघाली तशीच ठेवा. मागे ऐकू येणारा टंकलेखन यंत्राचा खडखडाट आणि कुणीतरी ढकललेलं दार ही त्या स्टुडिओची साक्ष आहे.

आता संशोधनाची माहिती, जिच्याकडे माझ्या मते सगळ्यात कमी लक्ष जातं. रेडिओवर पीएचडी करणाऱ्यांनी बातम्या मोजल्या, गावोगाव श्रोत्यांना प्रश्नावल्या दिल्या, ती सगळी सामग्री विभागाच्या कपाटांत पडून आहे. टेप ग्रंथालयाकडे आणि प्रश्नावल्या विभागाकडे अशी वाटणी होऊ देऊ नका. दोन्ही एकाच संग्रहात, एकमेकींचा क्रमांक सांगणाऱ्या. एका विभागातून आम्हाला सीडी मिळाली. फाइल उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता काला. मजकूर युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या एका मराठी फाँटमध्ये टाइप केलेला होता, आणि तो फाँट कुणाकडेच नव्हता. शेवटी एका जुन्या डीटीपीवाल्याच्या संगणकावर सापडला. मजकूर वाचता आला, आकड्यांचा तक्ताही उघडला, आणि तिथे आम्ही पुन्हा अडलो. चौदाव्या प्रश्नाच्या रकान्यात १, २ आणि ९. नऊ म्हणजे ‘माहिती नाही’, ‘उत्तर दिलं नाही’ की ‘घरात रेडिओ नाही’? अभ्यास करणारे गृहस्थ आता हयात नाहीत. तो रकाना आजही बंद कुलपासारखा आहे.

म्हणून माहिती स्वीकारताना प्रत्येक संशोधकासोबत तासभर बसा आणि प्रत्येक रकान्याचा, प्रत्येक खुणेचा अर्थ लिहून घ्या. कोरी प्रश्नावली मागा. श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधला मजकूर असेल तर मूळ फाइल, फाँटचं नाव आणि युनिकोडमधली प्रत तिन्ही ठेवा. रूपांतरानंतर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा, तिथेच हमखास घोळ होतो. तक्ते सीएसव्ही या साध्या, कुठेही उघडणाऱ्या फाइलमध्ये, कागदपत्रं पीडीएफ-ए या जतनासाठीच्या पीडीएफमध्ये. उत्तर देणाऱ्यांची नावं आणि पत्ते वेगळ्या, कुलूपबंद फाइलमध्ये काढा. त्यांनी एका अभ्यासाला उत्तरं दिली होती, जगजाहीर व्हायला नाही.

नोंदींमध्ये गावं-शहरांची नावं हा स्वतंत्र विषय. बातमीत ‘उस्मानाबाद’ आहे, आजचा वाचक ‘धाराशिव’ शोधणार. दोन्ही नावं नोंदवा, मूळ उच्चार तसाच राखून. संगणकाकडून आवाजाचा मजकूर करून घेता येतो, कामाची सोय आहे; पण ३० सप्टेंबर १९९३ च्या बातम्यांत किल्लारी आणि सास्तूर ही नावं त्याने भलतीच करून ठेवली तर शोधणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही. यंत्राने केलेला मजकूर म्हणून स्पष्ट शिक्का मारा आणि विशेषनामं तरी माणसाकडून तपासून घ्या.

हक्कांची चौकशी कामाच्या आधी. कॉपीराइट कायद्यात प्रसारणाचा हक्क २५ वर्षांचा, ध्वनिमुद्रणाचा ६० वर्षांचा, आणि बातमीच्या टेपमध्ये मध्येच एखादं गाणं असलं तर त्याचा हिशोब निराळा. जपणं आणि ऐकवणं या दोन गोष्टी अलग मांडा. ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडच्या प्रतीचं जतनासाठी डिजिटल रूप ठेवण्याची मुभा २०१२ च्या दुरुस्तीने दिली, पण संकेतस्थळावर खुलं करायचं तर आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसारभारतीची लेखी परवानगी हातात असू द्या.

साठवणीचं थोडक्यात: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक दुसऱ्या गावात. प्रत्येक फाइल तयार झाली की तिचा चेकसम काढा. तो फाइलच्या अंगठ्याचा ठसा. एक बिट बदलला तरी ठसा जुळत नाही. दर सहा महिन्यांनी ठसे ताडून पाहायची तारीख आणि जबाबदार माणसाचं पद आजच लिहून ठेवा. फाइलच्या नावात वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख, मोकळी जागा नको.

आणि सगळा संग्रह एकदम हाती घेऊ नका. दहा रिळं निवडा: दोन आंबट वासाची, दोन चिकट, एक बिननावाची, बाकी धडधाकट. त्या दहांवर आठवडाभर काम करून पाहा, मग वेळापत्रक ठरवा. पहिल्या सकाळी टेबलावर हातमोजे, भिंग, मोजपट्टी, नोंदवही आणि टोक केलेल्या दोन पेन्सिली ठेवा. बॉलपेन खोलीबाहेर. बिननावाची टेप वाजवाल तेव्हा त्या फोनच्या वहीतल्या एखाद्या ताईंना किंवा काकांना शेजारी खुर्ची द्या, आणि त्या ऐकताना जे बोलतील तेही मुद्रित करा.