घरी पिस्तूल उघडताना या चुका टाळा

मृगाचा पाऊस सुरू झाला की गोव्यात सत्तरी-डिचोलीकडच्या घरांत कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येऊ लागतो, आणि त्याच कपाटात ठेवलेल्या परवान्याच्या पिस्तुलावर तांबूस ठिपके दिसू लागतात. किनाऱ्याजवळ तर पावसाचीही वाट बघावी लागत नाही, खारा वारा बारा महिने काम करतोच. मग मालक घाबरतो. स्वयंपाकघरातून तेलाची बाटली आणतो, गॅरेजमधून स्क्रू-ड्रायव्हर आणतो नि पिस्तूल उघडायला बसतो. माझं विचाराल तर गंजापेक्षा या बैठकीतच पिस्तुलाची जास्त वाट लागते.

आपल्याकडे परवान्याचं शस्त्र म्हणजे बहुतेक शेती-बागायतीच्या रक्षणासाठी घेतलेली बारा बोअरची एकनळी किंवा दुनळी. ती साफ कशी करायची हे घरातल्या मोठ्यांकडून शिकलेलं असतं: मधून मोडून उघडायची, नळीतून चिंधी ओढायची, वरून तेलाचा हात फिरवायचा. बंदुकीला ते चालून जातं. पिस्तुलात मात्र बोटाएवढ्या जागेत स्प्रिंगा, पिना आणि खाचा कोंबलेल्या असतात. तिथे हीच सवय अंगाशी येते.

रिकामं करण्याचा क्रम

सगळ्यात महाग चूक इथेच होते. आधी मॅगझिन (मुठीत बसणारी काडतुसांची पेटी) काढायचं, मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढायची. उलटं केलंत, म्हणजे आधी स्लाइड ओढून काडतूस बाहेर पाडलं आणि मग मॅगझिन काढलं, तर स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधलं पुढचं काडतूस नळीत चढवून गेलेली असते. हातात मॅगझिन आहे, जमिनीवर एक काडतूस पडलंय, म्हणून माणूस निर्धास्त असतो. पिस्तूल भरलेलंच असतं. काही पिस्तुलांत स्लाइड सुटी करण्याआधी चाप दाबावा लागतो. पुढे काय होतं ते सांगायला नको.

म्हणून स्लाइड मागे अडकवून चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) डोळ्यांनी बघा आणि करंगळीचं टोक घालून चाचपा. पावसाळी संध्याकाळी वीज गेलेली असताना नुसत्या नजरेवर भरवसा ठेवू नका. काडतुसं आणि भरलेलं मॅगझिन दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा, त्याच टेबलाच्या कडेला नको. आणि ते टेबल जेवणाचं नसावं. नळीतल्या काजळीत शिसं असतं, काम झाल्यावर हात साबणानं धुवायचे आणि मुलांना त्या चिंध्यांपासून लांब ठेवायचं.

गॅरेजमधला स्क्रू-ड्रायव्हर

पिस्तुलाच्या मुठीवरचे स्क्रू नीट बघा. त्यांची खाच अरुंद आणि तळापर्यंत सरळ असते. बाजारात मिळणाऱ्या साध्या स्क्रू-ड्रायव्हरचं पातं टोकाकडे पाचरीसारखं निमुळतं होत जातं. ते खाचेत वरच्या कडांनाच टेकतं, तळाला पोचत नाही. जोर लावला की पातं वर उसळतं, खाचेची कड दुमडते आणि तिथे एक चमकदार ओरखडा उमटतो. त्या ओरखड्यावर गंज रोखणारा निळसर लेप उरलेला नसतो, म्हणून आठवडाभरात पहिला गंज तिथेच धरतो. मुठीचा स्क्रू कुरतडलेला दिसला की मालकाकडे अवजारं कुठली असतील ते मला न विचारता कळतं.

हवं ते पातं टोकाशी दोन्ही बाजू समांतर असलेलं, म्हणजे पोकळ घासलेलं. ते खाचेत रुंदीला आणि जाडीला घट्ट बसलं पाहिजे. बदलता येणाऱ्या बिटांचा असा एक संच घेतला की काम भागतं.

पिनांचंही तसंच. खिळा, छत्रीची काडी, घासलेला स्पोक वापरून पिना ठोकलेल्या मी पाहिल्या आहेत. भरीव पिनेला सपाट टोकाचा पंच (पीन ठोकून काढायची सळई) लागतो, तोही पिनेपेक्षा किंचित बारीक. पत्रा गुंडाळून केलेल्या पोकळ पिनेला मधोमध छोटा उंचवटा असलेला पंच लागतो. तो उंचवटा पिनेच्या भोकात बसतो, म्हणून पंच घसरत नाही आणि पिनेचं तोंड फुलत नाही. साध्या पंचानं पोकळ पीन ठोकली तर तिचं डोकं पसरतं आणि ती भोकातच अडकते. हातोडी पितळी किंवा नायलॉनच्या तोंडाची हवी. खाली आधाराला भोकं असलेला रबरी किंवा प्लास्टिकचा ठोकळा ठेवा, सिमेंटची पायरी नको. व्हाइसमध्ये धरायची वेळ आली तर जबड्यांना चामड्याचे तुकडे लावा. आणि एक सांगतो, घरच्या साफसफाईत पंच लागलाच तर तो क्वचित. पीन सहज हलत नसेल तर ती हलवायची नसते, किंवा तुम्ही चुकीच्या बाजूनं ठोकताय. किती उघडायचं ते पिस्तुलाबरोबर आलेली पुस्तिका सांगते. बहुतेकांत स्लाइड, नळी, स्प्रिंग आणि मॅगझिन सुटं झालं की घरचं काम संपतं.

डोळ्यांवर चष्मा मात्र हवाच. नळीभोवतीची किंवा नळीखालची मोठी स्प्रिंग दाबलेली असते, आणि सुटली की थेट तोंडावर येते. स्लाइड काढताना हात आणि पिस्तूल दोन्ही एका मोठ्या पारदर्शक पिशवीत घाला. वेडगळ दिसतं, पण कपाटामागे टॉर्च घेऊन सरपटण्यापेक्षा बरं. सुटे भाग ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं पांढऱ्या कपड्यावर मांडा, आणि प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढा. स्प्रिंगचं कुठलं टोक पुढे होतं हे नंतर कुणालाच आठवत नाही.

खोबरेल, चिंच आणि दसरा

गोव्याच्या घरात खोबरेल तेल हे सर्व रोगांवरचं औषध. पिस्तुलाला ते विषासमान आहे. हवेशी संबंध आला की ते हळूहळू चिकट होतं, धूळ आणि काजळी धरतं, आणि 24 अंशांच्या खाली थिजतं. पौषातल्या पहाटे वाळपईला बाटलीतलं खोबरेल घट्ट होतं, तसंच ते फायरिंग पिनेच्या (काडतुसावर आदळून ते पेटवणाऱ्या सुईच्या) बोगद्यातही होतं. मग पीन आळसावते, काडतुसाच्या बुडातल्या दारू पेटवणाऱ्या टोपीवर हलकी टिचकी बसते आणि गोळी सुटतच नाही. शिलाई मशीनचं तेल त्यापेक्षा कितीतरी बरं, आणि बंदुकीसाठी म्हणून मिळणारं तेल त्याहून बरं. डब्ल्यूडी-40 (फवाऱ्याच्या डब्यातलं द्रव) ओल हटवायला आणि पकडलेला गंज सैल करायला चांगलं, पण ते पुसून त्यावर खरं तेल लावायला हवं. त्याच्यावरच सहा महिने पिस्तूल ठेवून देऊ नका.

जास्त तेल हीसुद्धा चूकच. स्लाइड ज्या रुळांवर सरकते तिथे प्रत्येकी एक थेंब, नळी जिथे घासून चमकते तिथे बोटाचा पुसट हात, बस्स. मॅगझिनच्या आत तेल घालायचं नाही. तिथलं तेल काडतुसांवर उतरतं, टोपीच्या फटीतून आत शिरलं तर काडतूस मरू शकतं.

तांब्या-पितळेची समई आपण चिंचेनं नाहीतर आमसुलानं घासतो, म्हणून कुणी गंजाच्या ठिपक्यांवर तेच लावतं. ठिपका जातो, आणि त्याच्याबरोबर निळसर-काळा लेपही. हा लेप म्हणजे रंग नव्हे, लोखंडाच्याच ऑक्साइडचा पातळ थर असतो, आणि आम्ल तो धुऊन काढतं. व्हिनेगरचंही तेच. ठिपक्यावर तेल लावून तासभर ठेवा, मग मऊ पितळी ब्रशनं किंवा जुन्या टूथब्रशनं हलक्या हातानं घासा. पॉलिश पेपर आणि भांड्यांची तारेची घासणी या कामाच्या नाहीत. प्लास्टिकच्या मुठीला नेलपॉलिश रिमूव्हर लावू नका, ती विरघळू शकते. आणि पेट्रोलनं भाग धुण्याचा विचारही बंद खोलीत करू नका.

दसऱ्याला शस्त्रपूजा होते, व्हायलाच हवी. पण ओलं हळद-कुंकू, भिजलेलं फूल आणि अक्षता स्लाइडच्या फटीत जाऊन बसतात, आणि पूजेचं आहे म्हणून दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी हात लावत नाही. पिस्तुलाखाली पाट, पाटावर हळद-कुंकू, असं करून पाहा. पिस्तूल रिकामं केलेलं असावं हे वेगळं सांगायला नको.

चामड्याच्या म्यानात घालून ठेवणं ही त्याच जातीची चूक. चामडं ओल धरतं आणि ते कमावताना वापरलेली रसायनं लोखंडाला चावतात. कंबरेला लावायचं तेव्हाच म्यान, एरवी नाही. कपाटात सिलिका जेल ठेवा, पण बुटांच्या खोक्यातून निघालेली ती एक पुडी पुरत नाही. निळ्या दाण्यांचं वाटीभर घ्या. ते गुलाबी झाले की ओल पिऊन संपले असं समजायचं, मंद तव्यावर परतले की पुन्हा निळे होतात. पावसाळ्यात पंधरवड्यातून एकदा पिस्तूल बाहेर काढून पुसणं हे महागड्या तेलाहून जास्त उपयोगी. बोटांच्या घामातही मीठ असतं, त्यामुळे शेवटचा हात तेलाच्या फडक्यानं.

नळीत सळई

शक्य असेल तर नळी साफ करायची सळई मागून पुढे घाला. पिस्तुलाची नळी सुटी निघत असेल तर अडचणच नाही. रिव्हॉल्व्हरमध्ये मात्र तोंडाकडूनच सळई घालावी लागते, आणि तिथे ती नळीच्या ओठाला घासते. गोळी शेवटी जिथून सुटते ती कड गोल आणि सारखी हवी. एका बाजूनं झिजली की नेम वाकडा जातो. सळई पितळी किंवा प्लास्टिकचा लेप असलेली घ्या. तोंडाशी पितळी टोपण मिळतं, ते लावा. नळीचा ब्रश बत्तीस बोअरला बत्तीसचाच. दुनळीचा ब्रश कापून वापरणारे आहेत, त्यांना नमस्कार.

बत्तीसवरून आठवलं. बत्तीसच्या पिस्तुलाचं काडतूस आणि बत्तीसच्या रिव्हॉल्व्हरचं काडतूस एक नव्हेत. पिस्तुलाचं काडतूस काही रिव्हॉल्व्हरांत बसतंही, पण त्याचा दाब जास्त असतो. घरात दोन्ही असतील तर डबे वेगळे ठेवा.

जोडल्यावर चालत नाही

स्लाइड पूर्ण पुढे जात नसेल तर आधी स्प्रिंग उलटी बसली आहे का ते बघा, मग रुळांवरचं चिकट तेल. रिकामं टरफल बाहेर पडत नसेल तर ते ओढणाऱ्या आकड्याखाली काजळीचा थर साचलेला असतो. टूथपिकनं खरवडला की बहुतेक वेळा काम होतं. काडतूस नाक खाली घालून अडकत असेल तर संशय मॅगझिनवर. त्याचे ओठ पडून वाकलेले असतात किंवा आतली स्प्रिंग उलट्या तोंडानं घातलेली असते. दुसरं मॅगझिन असेल तर ते लावून बघा, दोष कुठे आहे ते लगेच कळतं. इथे काडतूस ज्यावरून नळीत चढतं त्या उतारावर पॉलिश पेपर मारायचा मोह होतो. आवरा. तो उतार एकदा बदलला की परत आणता येत नाही.

तपासणी खोट्या (दारू नसलेल्या) काडतुसांनी करायची, खऱ्यांनी नाही. आणि रेंजवर गोळी मारताना आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते, पुढची मारली तर नळी फाटते.

इथून पुढे घरी नाही

चापाचा जोर हलका करण्यासाठी आतले खटके कानसणं, घोड्याची खाच घासणं, सुरक्षा खटका काढून बघणं ही कामं घरची नव्हेत. खटक्याची कड केसभर गोल झाली तरी पिस्तूल नुसत्या धक्क्यानं सुटू शकतं. शिवाय 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 5 मध्ये दुरुस्ती आणि बदल यांसाठी वेगळा परवाना लागतो असं स्पष्ट आहे. तुमच्याकडचा परवाना बाळगण्याचा आहे. पुसणं, तेल घालणं वेगळं आणि भाग घडवणं, बदलणं वेगळं. त्याच कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत त्याचे भागही येतात, त्यामुळे फायरिंग पीन किंवा नळी ऑनलाइन मागवणं हा किराणा मागवण्याचा प्रकार नाही. गावातल्या लेथवाल्याकडे पिस्तूल ठेवून येणंही तसंच: ज्याला बाळगायचा अधिकार नाही त्याच्या हाती शस्त्र देणं हा कलम 29 खाली देणाऱ्याचाही गुन्हा ठरतो.

परवाना असलेला कारागीर बेळगावला किंवा कोल्हापुरात भेटला, तर निघण्याआधी लायसन्सवरचं कार्यक्षेत्र वाचा. ते गोव्यापुरतं असेल तर पत्रादेवी किंवा चोर्ला घाट ओलांडताच तुमचं कायदेशीर पिस्तूल बेकायदेशीर होतं. आधी जिल्हाधिकारी कार्यालयातून परवानगी घ्या, मग गाडी काढा.

निवडणुका लागल्या की शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात, आणि तिथल्या खोलीत पिस्तूल कित्येक आठवडे पडून राहतं. म्यानासकट देऊ नका. आतून-बाहेरून तेलाचा पातळ हात फिरवून, तेल लावलेल्या कागदात गुंडाळून द्या, क्रमांक आणि दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, पावतीवर मॅगझिन किती ते लिहून घ्या. परत मिळालं की घरी आल्याबरोबर रिकामं असल्याची खात्री करून उघडा आणि नळीत उजेड टाकून बघा. नवा गंज असेल तर तो त्याच दिवशी तेलानं निघतो.