सीपीयूची झोप कमांडलाइनवरून हाताळताय? या चुका टाळा

प्रोसेसरच्या पॉवर सेटिंग्जमधली खरी गोची अशी की कमांड चुकली तरी टर्मिनल बहुतेक वेळा गप्प बसतं. एंटर मारला, नवा प्रॉम्प्ट आला, की काम झालं असं आपण धरून चालतो. बॅटरी मात्र पूर्वीइतकीच भराभर उतरते, पंखा तसाच घोंघावतो आणि खापर लिनक्सवर फुटतं. खाली मुख्यतः लिनक्सबद्दल लिहिलं आहे, शेवटी थोडं विंडोजबद्दल. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत; टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरायची.

आधी थोडी पार्श्वभूमी. कोअरला काम नसलं की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याला झोपवतो. या झोपेच्या पायऱ्यांना सी-स्टेट म्हणतात. सी१ ही नुसती डुलकी. सी६मध्ये कोअरची अवस्था बाजूला साठवून त्याची वीज जवळजवळ तोडली जाते. झोप जितकी गाढ तितकी बचत जास्त, पण जागं व्हायला वेळही जास्त. स्कायलेक पिढीच्या लॅपटॉप प्रोसेसरसाठी कर्नलच्या इंटेल_आयडल ड्रायव्हरमध्ये सी१मधून बाहेर यायला २ मायक्रोसेकंद धरले आहेत, सी६साठी ८५ आणि सी१०साठी ८९०. गाढ झोपेत जाण्याचा खर्च वसूल व्हायलाही किमान मुक्काम लागतो; सी१०साठी तो ५००० मायक्रोसेकंद आहे. त्यामुळे 'सगळ्यात खोल अवस्था सगळ्यात चांगली' हे जसं चूक, तसंच 'सगळ्या अवस्था बंद केल्या की मशीन पळतं' हेही चूक.

सी६ म्हणजे स्टेट ६ नव्हे

ही चूक सर्रास होते आणि तिचा पत्ता लागत नाही. समजा, सी६ बंद करायचं आहे. 'सीपीयूपॉवर आयडल-सेट'ला लहान डी आणि ६ असा आकडा दिला, कमांड मुकाट्याने चालली. पण तो आकडा यादीतला क्रमांक असतो आणि यादी शून्यापासून सुरू होते. एक्स८६ मशीनवर शून्य क्रमांकाला बसलेला असतो 'पोल', म्हणजे न झोपता नुसतं वाट बघत फिरणं. स्कायलेक लॅपटॉपवर पूर्ण यादी असेल तर क्रम असा: पोल, सी१, सी१ई, सी३, सी६, सी७एस, सी८, सी९, सी१०. म्हणजे सी६ बसला चारवर, आणि तुम्ही बंद केलात सी८. त्याच पिढीच्या सर्व्हर चिपवर यादी फक्त पोल, सी१, सी१ई, सी६ अशी आहे; तिथे सी६ तीनवर. एका मशीनची स्क्रिप्ट दुसऱ्यावर जशीच्या तशी टाकणाऱ्यांचं इथेच फसतं.

म्हणून आधी 'सीपीयूपॉवर आयडल-इन्फो' चालवा आणि नावं वाचा. किंवा थेट /सिस/डिव्हायसेस/सिस्टम/सीपीयू/सीपीयू०/सीपीयूआयडल या फोल्डरमध्ये जाऊन प्रत्येक स्टेटची 'नेम' फाइल बघा. तिथेच 'लेटन्सी' (जागं व्हायला लागणारा वेळ), 'रेसिडन्सी' (किमान मुक्काम), 'युसेज' (किती वेळा वापर झाला) आणि 'टाइम' या फाइलीही असतात. बंद केलेल्या स्टेटची 'युसेज' फाइल अर्ध्या मिनिटाच्या अंतराने दोनदा वाचा. आकडा हलला नाही तर अवस्था खरोखर बंद आहे. हलला, तर तुम्ही भलतंच काही बंद केलंय.

यातच आणखी एक पाचर. लहान डी आणि मोठा डी हे दोन वेगळे पर्याय आहेत. लहान डी क्रमांक घेतो, मोठा डी मायक्रोसेकंदातली लेटन्सी घेतो आणि तेवढी किंवा त्याहून जास्त लेटन्सी असलेल्या सगळ्या अवस्था बंद करतो. स्टेट ४ बंद करायला निघालात, कॅप्सलॉक चालू राहिला आणि मोठा डी ४ टाइप झाला, तर वरच्या लॅपटॉपवर पोल आणि सी१ सोडून काहीच उरत नाही. एररही येत नाही, फक्त मांडीवरचं मशीन गरम होतं. सगळं पूर्ववत करायला मोठा ई आहे, तो लक्षात ठेवा.

दुसऱ्याचं औषध आपल्या मशीनला

इंटेलच्या बे ट्रेल पिढीची मशीनं, म्हणजे सेलेरॉन जे१९०० वगैरे स्वस्तातले बोर्ड, लिनक्सवर अचानक गोठायची. त्यावर 'इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१' हा कर्नल पॅरामीटर द्यायचा तोडगा निघाला आणि त्या चिपवर तो खरंच उपयोगी होता. पण तो सल्ला आजही कुठल्याही मशीनच्या कुठल्याही तक्रारीवर दिला जातो. वायफाय तुटतंय? मॅक्स_सीस्टेट=१. आवाज खरखरतोय? तेच. तुमचं मशीन बे ट्रेल नसेल तर यातून हमखास एकच गोष्ट मिळते: रिकामं बसूनही वीज खाणारा लॅपटॉप.

त्याचा भाऊ म्हणजे मॅक्स_सीस्टेट=०. शून्य दिलं की सगळी झोप बंद, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात शून्य दिल्यावर इंटेल_आयडल ड्रायव्हरच बाजूला होतो आणि कर्नल एसीपीआयच्या (बायोसकडून पॉवरची माहिती घेण्याच्या मानकाच्या) ड्रायव्हरकडे वळतो, जो बायोसने सांगितलेल्या गाढ अवस्था खुशाल वापरतो. झोप बंद करायला गेलात आणि फक्त झोपवणारा बदलला. दोन्ही ड्रायव्हरना आवर घालायचा असेल तर 'प्रोसेसर.मॅक्स_सीस्टेट=१'ही सोबत द्यावा लागतो. पॅरामीटर लागला का, हे 'कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन' सांगतं. तिथे दिसत नसेल तर बहुधा ग्रबची (बूट लोडरची) फाइल बदलून 'अपडेट-ग्रब' चालवायचं राहिलंय.

'आयडल=पोल' याबद्दल माझं मत सरळ आहे: घरच्या मशीनवर त्याला जागा नाही. कोअर सतत पूर्ण जागे राहतात, उष्णता वाढते, आणि इतर कोअर झोपले की एखाद्याला मिळणारी टर्बोची, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त वेगाने धावण्याची, मुभाही आटते. हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन थ्रेड) असेल तर फिरत बसलेला थ्रेड शेजारच्याचा वाटा खातो, म्हणजे वेगासाठी केलेली सेटिंग वेगच कमी करू शकते. नागपुरात मे महिन्यात हा प्रयोग कुणी करू नये.

एएमडीवाल्यांसाठी एवढंच: पहिल्या पिढीचं रायझन रिकामं असताना गोठत असेल तर सी६ बंद करणारी स्क्रिप्ट शोधण्याआधी बायोसमध्ये 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' आहे का बघा आणि तो 'टिपिकल करंट आयडल'वर ठेवा.

लिहिलं, पण पोचलं नाही

'सुडो इको १ > …/डिसेबल' हे चालत नाही ('डिसेबल' ही स्टेटच्या फोल्डरमधली, अवस्था बंद करणारी फाइल), कारण सुडो, म्हणजे ॲडमिनचा अधिकार, फक्त इकोला मिळतो. फाइल उघडायचं काम तुमच्या साध्या शेलकडेच राहतं. 'इको १ | सुडो टी …' असं करा. सगळ्या कोअरवर एकदम लिहायचं असेल तर पाथमध्ये तारांकन टाकूनही 'टी' चालतो, बाणाची खूण मात्र तिथे अडते. यात निदान एरर तरी दिसते.

/डेव्ह/सीपीयू_डीएमए_लेटन्सी ही फाइल तेवढी प्रामाणिक नाही. गाढ झोप तात्पुरती रोखायची ही योग्य जागा आहे, पण विनंती फाइल उघडी असेपर्यंतच जिवंत राहते. इकोने लिहून फाइल बंद झाली की विनंतीही गेली. सगळं काही सेकंदाच्या काही भागापुरतं लागू झालं आणि पुसलं गेलं. एखादा प्रोग्राम ती फाइल उघडी धरून बसला पाहिजे. ट्यून्ड या पॉवर-सेटिंग सर्व्हिसचं 'लेटन्सी-परफॉर्मन्स' प्रोफाइल नेमकं तेच करतं, तेव्हा हातची स्क्रिप्ट लिहिण्यापेक्षा ते वापरलेलं बरं.

रीस्टार्टनंतर सीपीयूपॉवरने केलेलं काहीही टिकत नाही. टिकवायचं तर सिस्टमडीची, म्हणजे बूटवेळी आपोआप चालणारी, छोटी सर्व्हिस लिहा.

'पॉवरसेव्ह' बघून दचकू नका

गव्हर्नर (सीपीयूचा वेग ठरवणारं धोरण) बघितला, 'पॉवरसेव्ह' दिसला, लगेच 'परफॉर्मन्स' केला: ही जवळपास प्रतिक्षिप्त क्रिया झाली आहे. पण आधी 'स्केलिंग_ड्रायव्हर' फाइल वाचा. तिथे एसीपीआय-सीपीयूफ्रेक असेल तर पॉवरसेव्ह म्हणजे खरंच किमान वेगाला खुंटी. तिथे इंटेल_पीस्टेट असेल तर गोष्ट वेगळी: त्याच्या ॲक्टिव्ह मोडमध्ये दोनच गव्हर्नर असतात, आणि पॉवरसेव्ह हा रोजच्या वापराचा समतोल गव्हर्नर आहे. काम आलं की तो टर्बोपर्यंत जातो. एएमडी-पीस्टेटच्या ॲक्टिव्ह मोडमध्येही हीच दोन नावं दिसतात. नाव एकच, वागणं वेगळं. ज्यांनी ही नावं ठेवली त्यांना दंडवत.

अशा मशीनवर हात घालायची खरी जागा म्हणजे 'एनर्जी_परफॉर्मन्स_प्रेफरन्स' ही फाइल. तिच्यात 'बॅलन्स_परफॉर्मन्स', 'बॅलन्स_पॉवर', 'पॉवर' अशा किमती लिहिता येतात. लिहिताना 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' आलं तर डिस्क वगैरे तपासत बसू नका. गव्हर्नर परफॉर्मन्सवर आहे, म्हणून ड्रायव्हर दुसरी किंमत घेत नाही. गव्हर्नर पॉवरसेव्हवर आणा, मग लिहा.

वेगमर्यादा घालताना एककही बघा. 'सीपीयूपॉवर फ्रिक्वेन्सी-सेट'ला नुसता ३५०० आकडा दिला तर तो किलोहर्ट्झ धरला जातो, म्हणजे साडेतीन मेगाहर्ट्झ. आकड्यामागे मेगाहर्ट्झ किंवा गिगाहर्ट्झ जोडा. तसं बघितलं तर बॅटरी वाचवायला वेग फार खाली दाबणं मला फारसं पटत नाही. काम रेंगाळतं, आणि तेवढा वेळ स्क्रीन, मेमरी आणि बाकीची चिप जागीच राहते.

एका मशीनचे तीन मालक

सेटिंग लागते, दिसते, आणि चार्जर काढला की गायब होते. अशा वेळी भूत शोधू नका, 'सिस्टमसीटीएल'ने चालू सर्व्हिस बघा. टीएलपी, पॉवर-प्रोफाइल्स-डेमन, ट्यून्ड आणि ऑटो-सीपीयूफ्रेक हे सगळे त्याच फाइलींमध्ये लिहितात. यातले दोन एकत्र बसवले की जो शेवटी लिहील त्याचं खरं. डेस्कटॉपच्या कोपऱ्यात 'बॅलन्स्ड'चं बटण दिसतंय, म्हणजे त्यामागे यातलाच कुणीतरी बसलेला आहे. फेडोरात तर आवृत्ती ४१पासून त्या बटणामागे ट्यून्ड असतो. एकच ठेवा, बाकीचे 'मास्क' करा, म्हणजे सुरूच होऊ देऊ नका, आणि तुमचा बदल त्याच्याच कॉन्फिग फाइलमध्ये लिहा.

मोजमाप

'वॉच'ने सेकंदाला दहा वेळा /प्रॉक/सीपीयूइन्फोमधले मेगाहर्ट्झ बघायचे आणि 'माझा सीपीयू कधी झोपतच नाही' म्हणायचं, हा विनोद आहे. झोपलेल्याला दर क्षणी हलवून झोप लागली का विचारण्यातला हा प्रकार. 'टर्बोस्टॅट' रूट म्हणून चालवा, अंतर पाच सेकंद किंवा जास्त ठेवा, ब्राउझर बंद करा आणि मशीनला हात लावू नका.

नजर टाकायची ती दोन गटांवर. 'सीपीयू%सी६', 'सीपीयू%सी७' हे रकाने कोअरचे. 'पीकेजी%पीसी२'पासून 'पीके%पीसी१०'पर्यंतचे रकाने अख्ख्या चिपचे, म्हणजे पॅकेजचे. खरी बचत दुसऱ्या गटात असते आणि लोक बघतात पहिला. कोअर नव्वद टक्के वेळ सी७मध्ये, पण पॅकेज पीसी२च्या पुढे जातच नाही, असं दिसलं तर सी-स्टेटच्या कमांड विसरा. एखादं उपकरण वाट अडवून बसलंय: एनव्हीएमई डिस्क, कार्ड रीडर किंवा जुनं पीसीआय कार्ड, ज्याची लिंक झोपत नाही. 'एलएसपीसीआय' दोनदा व्ही देऊन चालवा आणि एएसपीएम (पीसीआय लिंकची झोप) कुठे 'डिसेबल्ड' आहे ते शोधा. लगेच 'पीसीआयई_एएसपीएम=फोर्स' मात्र लावू नका; ज्या हार्डवेअरला ते झेपत नाही ते लटकतं.

'पॉवरटॉप'चा ऑटो-ट्यून हाही असाच सरसकट उपाय. तो यूएसबी उपकरणांनाही झोपवतो. माउस दोन सेकंद स्वस्थ राहिल्यावर पहिल्या हालचालीला अडखळत असेल तर कारण हेच. टॅब दाबत 'ट्यूनेबल्स'च्या पानावर जा आणि एकेक ओळ निवडून बदला.

झाकण लावल्यावर रात्रभरात बॅटरी संपत असेल तर तो सी-स्टेटच्या सेटिंगचा नव्हे, सस्पेंडच्या प्रकाराचा प्रश्न समजून सुरुवात करा. /सिस/पॉवर/मेम_स्लीप वाचा, चौकटी कंसात 'एस२आयडल' (हलकी झोप) आहे की 'डीप' (गाढ झोप), ते दिसेल. पुष्कळ नव्या लॅपटॉपवर 'डीप' हा पर्यायच नसतो. आणि हे सगळं क्लाउडवरच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये करून बघत असाल तर वेळ फुकट चाललाय: कोअरची खरी झोप यजमानाच्या हातात असते.

विंडोजवर

'पॉवरसीएफजी'ने 'सेटएसीव्हॅल्यूइंडेक्स' दिल्यावर 'सेटॲक्टिव्ह स्कीम_करंट' द्यायचं राहून जातं, आणि बदल लागू होत नाही. एसीची (चार्जरवरची) किंमत बदलून बॅटरीवर तपासणारेही बरेच. बॅटरीसाठी 'सेटडीसीव्हॅल्यूइंडेक्स' वेगळी द्यावी लागते. एकक इथेही दगा देतं: 'चेंज स्टँडबाय-टाइमआउट-एसी' मिनिटं घेतो, पण इंडेक्सच्या कमांडमधून तीच सेटिंग सेकंदांत द्यायची असते. तिथे ३० लिहिलंत तर मशीन अर्ध्या मिनिटात झोपेल. 'क्वेरी'ने तपासाल तेव्हा आकडा हेक्साडेसिमलमध्ये दिसेल: शेवटी ७०८ असेल तर ते १८०० सेकंद, म्हणजे अर्धा तास. आणि मशीन झोपतच नसेल तर 'पॉवरसीएफजी /रिक्वेस्ट्स' ॲडमिन म्हणून चालवा. कुठला प्रोग्राम किंवा ड्रायव्हर त्याला जागं ठेवतोय, त्याचं नाव तिथे मिळतं.