जुना मोबाइल घेताना काच नंतर, कुलपं आधी

जुना फोन हातात आला की बहुतेकांची नजर आधी काचेवर आणि कडांवरच्या खरचट्यांवर जाते. काच बदलता येते, बॅटरीही बदलता येते. पण आधीच्या मालकाचं गूगल खातं, ॲपलची आयडी, फायनान्सवाल्याचं लॉक किंवा एखाद्या ऑफिसचं नियंत्रण आत राहून गेलं, तर पैसे तुमचे जातात आणि फोन दुसऱ्याचाच राहतो. म्हणून पुढचं सगळं याच क्रमानं करा आणि पैसे अगदी शेवटी द्या.

जागा आणि सामान

मुंबईत मनीष मार्केट, हिरापन्ना किंवा लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानातून घ्या, नाहीतर ऑनलाइन जाहिरात बघून थेट मालकाकडून घ्या. दोन्हीकडे किमान एक तास मोकळा ठेवा. दादरच्या पुलावर उभ्याउभ्या, गाडी पकडायच्या घाईत हा व्यवहार करू नका, कारण फोन रीसेट होऊन पुन्हा सुरू व्हायलाच दहा-पंधरा मिनिटं जाऊ शकतात. विकणाऱ्याचं घर ही सगळ्यात चांगली जागा. आयफोनच्या बाबतीत त्याला तांत्रिक कारणही आहे, ते पुढे येईल.

सोबत एक चालू सिम, सिमचा ट्रे बाहेर काढायची पिन, केबल, पॉवर बँक, हॉटस्पॉटसाठी दुसरा फोन आणि चाचणीपुरतं वेगळं गूगल खातं न्या. तुमचं रोजचं खातं आणि बँकेची ॲप सौदा पक्का होईपर्यंत या फोनमध्ये टाकू नका.

आयएमईआय

डायलरमध्ये *#06# दाबा. आयएमईआय, म्हणजे फोनची ओळख सांगणारा पंधरा अंकी क्रमांक दिसेल, दोन सिमच्या फोनला दोन दिसतील. सेटिंग्जमधल्या ‘अबाउट फोन’मधला, खोक्यावरचा आणि बिलावरचा क्रमांक याच्याशी अंकन् अंक जुळवा. शेवटचे चार अंक बघून समाधान मानू नका. *#06# ला एक आणि खोक्यावर दुसरा क्रमांक असेल, तर एक तर खोकं दुसऱ्या फोनचं आहे, नाहीतर बोर्ड बदलला आहे, नाहीतर क्रमांकाशी छेडछाड झाली आहे. कुठल्याही कारणानं असो, तो फोन सोडा. दूरसंचार अधिनियम 2023 प्रमाणे आयएमईआयशी छेडछाड केल्यास 3 वर्षांपर्यंत कैद, 50 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

मग एसएमएसमध्ये केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, एक जागा सोडून आयएमईआय लिहा आणि 14422 वर पाठवा. दोन आयएमईआय असतील तर दोन्ही वेगवेगळे पाठवा. उत्तरात ‘ब्लॅकलिस्टेड’, ‘डुप्लिकेट’ किंवा ‘ऑलरेडी इन यूज’ आलं तर व्यवहार तिथेच थांबवा. ब्रँड आणि मॉडेल आलं, तर तेही हातातल्या फोनशी जुळलं पाहिजे. हीच तपासणी सरकारच्या दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ वेबसाइटवर किंवा ॲपमधूनही होते, पण ॲप टाकलंच पाहिजे असं नाही. 28 नोव्हेंबर 2025 च्या आदेशात ते ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीपासून टाकायची सक्ती होती आणि लोकांच्या विरोधानंतर 3 डिसेंबरला ती मागे घेतली गेली. ते योग्यच झालं. जे काम एका एसएमएसनं होतं, त्यासाठी कुणाच्या फोनमध्ये कायमचं ॲप बसवायचं कारण नाही.

या तपासणीला एक मर्यादा आहे. तक्रार नोंदवून आयएमईआय ब्लॉक झालेलाच फोन तिथे सापडतो. सकाळच्या लोकलमध्ये मारलेला फोन संध्याकाळीही ‘व्हॅलिड’ दाखवू शकतो. म्हणून मूळ बिल लागतंच. किटशिवाय, म्हणजे बिल-बॉक्सशिवाय, मिळणारा पीस स्वस्त असतो तो याच धोक्यामुळे.

अँड्रॉइड: रीसेट तुमच्यासमोर झाला पाहिजे

विकणारा ‘मी आधीच रीसेट करून आणलाय’ असं सांगतो, तेव्हा पैसे काढायची घाई करू नका. फोन कुठल्या मार्गानं रीसेट झाला यावर सगळं अवलंबून आहे. 2015 मध्ये अँड्रॉइड 5.1 पासून गूगलनं फॅक्टरी रीसेट प्रोटेक्शन आणलं. फोनमध्ये गूगल खातं असताना कुणी पॉवर आणि व्हॉल्यूमची बटणं दाबून रिकव्हरीतून फोन पुसला, तर पुन्हा सुरू होताना तो आधीचा पिन किंवा आधीचंच गूगल खातं मागतो. चोराला रोखायला हे कुलूप उत्तम आहे आणि ते असलंच पाहिजे. फक्त किल्ली विकणाऱ्याकडे आहे का, हे बघायचं असतं.

म्हणून आधी तुमच्यासमोर मालकानं स्वतःच्या पिननं फोन उघडावा. मग सेटिंग्जमधल्या खात्यांमध्ये जाऊन गूगल खातं काढावं. सॅमसंगमध्ये सॅमसंग खातं आणि शाओमीमध्ये शाओमी खातं वेगळं असतं, त्यांचं कुलूपही वेगळं असतं. तीही काढायला लावा. इथेच बरेच जण फसतात, कारण गूगल निघालं म्हणजे सगळं निघालं असं त्यांना वाटतं. खाती निघाल्यावर सेटिंग्जमधूनच फॅक्टरी रीसेट करायचा. मालकाला पासवर्ड आठवत नसेल तर तो त्याच्या दुसऱ्या फोनवरून परत मिळवू शकतो. ‘नंतर पाठवतो’ हे उत्तर चालणार नाही.

फोन पुन्हा सुरू झाला की वायफाय लगेच जोडा. ‘नेट नंतर लावा, आधी सेटअप उरकून घ्या’ असं कुणी म्हणालं तर जास्तच सावध व्हा. हप्त्यावर घेतलेल्या फोनचं लॉक बऱ्याचदा नेट मिळाल्यावरच जागं होतं. सॅमसंगच्या नॉक्स गार्डसारख्या व्यवस्थेत फोनचा आयएमईआय कंपनीच्या सर्व्हरवर नोंदलेला असतो. फोन शंभरदा पुसला तरी नेटला जोडताच लॉक परत येतं. सेटअपच्या पडद्यावर ‘हे डिव्हाइस तुमच्या संस्थेचे आहे’ अशा अर्थाची ओळ दिसली, किंवा कुठलंही ॲप न मागता आपोआप उतरायला लागलं, तर तो फोन हप्त्यावरचा किंवा ऑफिसचा आहे.

सेटअप पूर्ण झाल्यावर सेटिंग्जच्या शोधात ‘डिव्हाइस ॲडमिन’ लिहा. यादीत ‘फाइंड हब’ (जुन्या फोनमध्ये ‘फाइंड माय डिव्हाइस’) सोडून दुसरं काही चालू असेल आणि ते बंद करता येत नसेल, तर घेऊ नका. हप्ते फिटले असतील तर मालकानं फायनान्स कंपनीचं ‘नो ड्यूज’ पत्र दाखवावं. पत्र असूनही लॉक असेल तर आधी मालकानं ते काढून आणावं, मग बोलू. कर्ज वसूल करायला कायदेशीर मार्ग आहेत. त्यासाठी माणसाचे कॉल, बँक आणि कामाचे मेसेज ज्या यंत्रावर चालतात ते दुरून बंद पाडणं मला चुकीचं वाटतं. पण हे मत तुमच्या हातातला लॉक झालेला फोन उघडणार नाही, त्यामुळे तपासणी करायचीच.

‘बायपास करून देतो’ म्हणणाऱ्यांकडे जाऊ नका. बायपास म्हणजे एखादी फट वापरून पडदा टाळणं. पुढच्या अपडेटला किंवा रीसेटला कुलूप परत येऊ शकतं.

बूटलोडर

बूटलोडर म्हणजे फोन चालू होताना मुख्य सॉफ्टवेअर सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम. फोन चालू होताना पडद्यावर ‘बूटलोडर अनलॉक आहे’ असा इशारा येतो का बघा. येत असेल तर फोनचं मूळ सॉफ्टवेअर बदललेलं असू शकतं. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’खाली ‘डिव्हाइस इज सर्टिफाइड’ असं दिसलं पाहिजे. ते नसेल तर अनेक बँकांची आणि यूपीआयची ॲप चालायला नकार देतात. काही फोनवर वाइडवाइनची, म्हणजे व्हिडिओची कॉपी रोखणाऱ्या गूगलच्या व्यवस्थेची, पातळी एल1 वरून एल3 वर उतरते, आणि मग ओटीटीवरचं चित्र धूसर दिसतं. सॅमसंगमध्ये एकदा मूळ नसलेलं सॉफ्टवेअर टाकलं की नॉक्स या सुरक्षा व्यवस्थेची खूण कायमची बदलते आणि खासगी फाइल कुलपात ठेवणारा सिक्युअर फोल्डर पुन्हा चालत नाही, मूळ सॉफ्टवेअर परत टाकलं तरी.

ज्यांना लिनिएजओएस ही अँड्रॉइडवर आधारलेली मोफत प्रणाली टाकून जुना फोन आणखी काही वर्षं चालवायचाय, त्यांनी उलटं बघायचं. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘ओईएम अनलॉकिंग’चं, म्हणजे बूटलोडर उघडायला परवानगी देणारं, बटण चालू होतं का? अमेरिकेतल्या काही नेटवर्क कंपन्यांनी विकलेल्या पिक्सेलमध्ये ते बटण मंद असतं, दाबताच येत नाही. विकत घेतलेल्या यंत्रावर कुठलं सॉफ्टवेअर चालवायचं हा मालकाचा निर्णय असायला हवा. धोका समजावून सांगा, वॉरंटीच्या अटी लिहा, पण दार भिंतीनं बंद करू नका.

आयफोन

आयफोनला ॲक्टिव्हेशन लॉक 2013 मध्ये आयओएस 7 बरोबर आलं. मालकानं सेटिंग्जमध्ये आपल्या नावावर जाऊन ‘साइन आउट’ करायचं आणि मग ‘इरेझ ऑल कंटेंट’. यात हमखास अडकायची एक जागा आहे. 2024 च्या जानेवारीत आयओएस 17.3 बरोबर ‘स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन’ आलं. ते चालू असेल तर घर किंवा कामाच्या ठिकाणापासून दूर साइन आउट करताना फोन एक तास थांबवतो आणि मग पुन्हा चेहरा मागतो. म्हणून मालकाच्या घरी भेटा, किंवा निघण्याआधी घरीच ‘फेस आयडी अँड पासकोड’मधून ते बंद करून यायला सांगा. विकणारा प्रामाणिक असला तरी स्टेशनबाहेर इथे तास जातो.

पुसल्यावर सेटअप नेट लावून शेवटपर्यंत करा. ‘रिमोट मॅनेजमेंट’ असा पडदा आला तर फोन एखाद्या कंपनीच्या ताब्यात आहे, आणि रीसेटनं तो सुटत नाही.

मग ‘जनरल’मधल्या ‘अबाउट’मध्ये जा. ‘कॅरियर लॉक’समोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ हवं. नसेल तर तो बाहेरच्या नेटवर्कला बांधलेला आहे. असे फोन सिमखाली कागदाएवढी पातळ चिप ठेवून चालवतात, म्हणून सिमचा ट्रे स्वतः बाहेर काढून बघा. मॉडेल क्रमांकाचं पहिलं अक्षर एम असेल तर फोन नवा विकलेला, एफ म्हणजे रिफर्बिश्ड (दुरुस्त करून पुन्हा विकलेला), एन म्हणजे बदली म्हणून दिलेला. शेवटी एचएन/ए असेल तर भारतासाठीचा, एलएल/ए म्हणजे अमेरिकेचा. आयफोन 14 पासून अमेरिकेतल्या मॉडेलला सिमचा ट्रेच नाही, फक्त ई-सिम चालतं.

त्याच पानावर ‘पार्ट्स अँड सर्व्हिस हिस्टरी’ असेल तर काहीतरी बदललं आहे. डिस्प्लेसाठी ही माहिती आयफोन 11 पासून पुढे दिसते, कॅमेऱ्यासाठी 12 पासून. ‘अननोन पार्ट’ म्हणजे बहुधा कॉपी पॅनल. आयओएस 18 पासून चोरीच्या आयफोनमधून काढलेल्या भागालाही त्याच्या मालकाचं लॉक लागू होतं. चोरीचे सुटे भाग रोखणं ठीक, पण बंद पडलेल्या स्वतःच्या फोनचा कॅमेरा दुसऱ्यात बसवायलाही कंपनीच्या सर्व्हरची मान्यता लागावी, हे दुरुस्तीच्या हक्काला धरून नाही.

बाकीचं झटपट

सिमच्या खाचेत टॉर्च मारा. आयफोनमध्ये आतली ओलाव्याची पट्टी लाल झाली असेल तर पाणी गेलंय, आणि मुंबईच्या पावसाळ्यानंतर विकायला निघालेल्या फोनमध्ये हे तपासायलाच हवं. सॅमसंगमध्ये *#0*# दाबलं की चाचणीचा मेनू उघडतो: लाल, हिरवा, निळा पडदा आळीपाळीनं बघा, जुन्या अक्षरांचे डाग तिथे दिसतात. सिम टाकून एक कॉल, एक एसएमएस पाठवून बघा, कारण यूपीआयची नोंदणी सिमवरून जाणाऱ्या एसएमएसवरच होते.

सुरक्षा अपडेटची तारीख ‘अबाउट फोन’मध्ये असते. पिक्सेल 8 आणि गॅलेक्सी एस24 यांना 7 वर्षं अपडेटचं आश्वासन आहे, पण ती वर्षं फोन बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही. ज्याचे अपडेट संपलेत त्यावर बँकेचं काम करू नका.

पैसे आणि पावती

पैसे यूपीआयनं द्या. पावतीवर दोन्ही आयएमईआय, रक्कम, तारीख, व्यवहार क्रमांक, विकणाऱ्याचं नाव आणि सही घ्या. ओळखीसाठी मास्क्ड आधार पुरे, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. पूर्ण आधार मागू नका आणि कुणी मागितला तर देऊही नका. दुकानदार ‘चेकिंग वॉरंटी’ तोंडी सांगतो, ती किती दिवसांची आणि पैसे परत की पीस बदलून, हे बिलावर लिहून घ्या. पुढे तो नाकारू लागला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करता येते. खासगी व्यक्तीकडून घेतलेल्या फोनला हा मार्ग सहसा लागू होत नाही, म्हणून तिथे पावती अधिक जपा. फोन चोरीचा निघून पोलिसांकडून विचारणा आलीच, तर तुम्ही उघडपणे, खऱ्या किमतीला घेतला हे दाखवायला तोच कागद असतो. अशा वेळी फोन पुसू नका, विकूही नका. बिल-पावती घेऊन पोलीस ठाण्यात जा.

घरी आल्यावर चाचणीचं खातं काढून आपलं टाका, ‘फाइंड’ची सोय चालू करा आणि मूळ बिल, पावती, आयएमईआयचा फोटो या फोनबाहेर कुठेतरी ठेवा. तुमचा फोन हरवला तर एफआयआर आणि ब्लॉकच्या अर्जाला हेच कागद लागतात.