जपान ऑफिसची प्रमुख झाल्यावर

पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकताना आम्हा सगळ्यांना एकच ध्यास होता, जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषा किती येते ते तपासणारी परीक्षा. ही परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. एन५ पहिली पायरी, एन१ शेवटची. मी एन२ करून टोकियोला गेले, एन१ तिथे केली आणि पंधरा वर्षांनी एका भारतीय सॉफ्टवेअर कंपनीच्या जपानमधल्या उपकंपनीची प्रमुख झाले. साठ माणसं, त्यातली चाळीस जपानी. आता तिकडे जाऊ पाहणारी मुलं-मुली विचारतात, एवढं पुढे कसं जायचं? त्याबद्दल थोडं सांगते. तिथे गेल्यावर काय करावं लागतं, त्याबद्दल जास्त.

जेएलपीटीमध्ये बोलण्याची परीक्षाच नसते, लिहिण्याचीही नसते. त्यामुळे एन१ झालेली माणसंही क्लायंटचा फोन वाजला की गांगरतात. पहिली दोन वर्षं ऑफिसचा फोन तुम्ही उचला. आदरार्थी भाषा, म्हणजे केइगो, मला पुस्तकातून आली नाही, फोनवरून आली.

प्रत्येक नवीन माणूस कार्लोस घोन यांच्याबद्दल विचारतो. 1999 मध्ये रेनॉ या फ्रेंच मोटार कंपनीने त्यांना निसान या जपानी मोटार कंपनीत पाठवलं, त्यांनी ती कंपनी सावरली आणि नोव्हेंबर 2018 मध्ये टोकियोत त्यांना अटक झाली. लोकांना त्या अटकेत रस असतो. मला 1999 जास्त शिकण्यासारखं वाटतं. त्यांची पुनरुज्जीवन योजना निसानच्याच माणसांच्या नऊ गटांमधून घडली होती. हे गट वेगवेगळ्या विभागांतली माणसं एकत्र आणून केले होते. बाहेरून आलेल्या माणसाने आतल्यांकडून उत्तर काढून घेतलं, ही त्यातली खरी कारागिरी.

मला हे उशिरा कळलं. प्रमुख झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात मी दोन टीम एकत्र करायचा प्रस्ताव मीटिंगमध्ये मांडला. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं, माना हलवल्या आणि ‘केन्तो शिमासु’ म्हणाले, म्हणजे ‘विचार करतो’. मी त्याच संध्याकाळी पुण्याच्या हेड ऑफिसला कळवलं की सगळे तयार आहेत. तीन महिने काहीही हललं नाही. माझे उपप्रमुख माझ्याहून अठरा वर्षांनी मोठे. एके दिवशी सोबा नूडल्स खायला नेऊन त्यांनी मला नेमावाशी समजावली. मोठं झाड हलवायचं असेल तर माळी आधी मुळांभोवती खणतो, काही मुळं छाटतो, नवी बारीक मुळं फुटेपर्यंत थांबतो आणि मगच झाड उचलतो. प्रस्तावाचंही तसंच. ज्याच्या कामाला धक्का लागणार त्याला आधी एकट्याला भेटायचं, त्याची अडचण ऐकायची, प्रस्ताव बदलायचा, पुन्हा भेटायचं. निर्णय या भेटींमध्ये होतो, मीटिंगमध्ये तो फक्त सांगितला जातो. मी अकरा जणांना भेटले. माझा प्रस्ताव निम्मा बदलला आणि चांगला झाला.

त्यानंतरचा प्रसंग मात्र मी कधीच विसरणार नाही. एका रविवारी रात्री आम्ही केलेल्या बदलामुळे क्लायंटच्या गोदामाची यंत्रणा बंद पडली. सोमवारी सकाळी माल निघायचा होता. उपप्रमुखांचा फोन आला, ‘सकाळी नऊला आपण दोघांनी जायचं.’ मी म्हटलं, कारण शोधायला दोन दिवस लागतील. ते म्हणाले, कारण नंतर. तेवढ्यात हेड ऑफिसच्या कायदा विभागाची मेल आली, चूक मान्य होईल असं काहीही बोलू नका. दोघांचंही म्हणणं बरोबर होतं. मी आमच्या टोकियोच्या वकिलांना रात्रीच फोन केला आणि वाक्य ठरवलं. झालेल्या त्रासाबद्दल मनापासून क्षमा मागायची, करारातल्या जबाबदारीबद्दल बोलायचं नाही. सकाळी नऊला आम्ही त्यांच्यासमोर कमरेत वाकून उभे होतो.

मग अहवाल. काय घडलं ते मिनिटामिनिटाने, का घडलं, आणि पुन्हा घडू नये म्हणून काय करणार. हा तिसरा भाग, ‘साइहात्सु बोउशि’, सर्वांत महत्त्वाचा. आमच्या पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं, मानवी चूक झाली, यापुढे काळजी घेऊ. तो परत आला. काळजी घेणं हा उपाय नव्हे. दुसऱ्या तपासणीशिवाय एकच माणूस तो बदल करू कसा शकला, हे त्यांना हवं होतं. तिसरा मसुदा त्यांनी स्वीकारला. वर्षभर नवीन काम मिळालं नाही, पण होतं ते काम त्यांनी काढूनही घेतलं नाही.

त्या रात्री मला माझ्या कामाचं स्वरूप उमगलं. जपानी माणसं समजून घेणं हा अर्धाच भाग. जपान हेड ऑफिसला समजावून सांगणं हा त्याहून कठीण भाग, आणि तो दुसरं कोणी करत नाही. पुण्याहून दर सोमवारी विचारणा व्हायची, डील का होत नाही? भारतासारखंच तिथल्या बहुतेक कंपन्यांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं. पण बजेटची जुळवाजुळव कित्येक महिने आधी होते, जानेवारीत जाऊन उपयोग नसतो. शिवाय एप्रिलमध्ये बदल्या होतात आणि तुमची बाजू जाणणारा माणूस दुसऱ्या विभागात जातो. हे मी मेलमध्ये दहादा लिहिलं. उपयोग झाला तो वरिष्ठांना टोकियोला बोलावून क्लायंटच्या शेजारी बसवल्यावर. पुण्याशीही नेमावाशीच करावी लागते. एकेकाला गाठून, आधी.

कायद्याचं ज्ञान पहिल्या महिन्यात मिळवा. एकदा सहा माणसं कमी करण्याची सूचना आली. जपानच्या श्रम करार कायद्याच्या कलम 16 नुसार सबळ, रास्त कारण नसेल तर बडतर्फी रद्दबातल ठरते, हे मी तेव्हा रात्री बसून वाचलं. आधीच वाचायला हवं होतं. त्या सहापैकी चौघांना आम्ही दुसरं काम शिकवलं, दोघे वाटाघाटीने गेले. तुम्ही ‘दाइह्यो तोरिशिमारियाकु’, म्हणजे कंपनीच्या वतीने सही करणारे संचालक झालात, तर कंपनीचा नोंदणीकृत शिक्का कुठे असतो आणि तो कोण वापरतं हे स्वतः पाहा. पद सोडल्यावर तो बदल दोन आठवड्यांत नोंदवावा लागतो.

आणि पद सोडताना ‘हिकित्सुगी’साठी, म्हणजे काम पुढच्या माणसाकडे सोपवण्यासाठी, वेळ राखून ठेवा. नवीन प्रमुखाला घेऊन प्रत्येक क्लायंटकडे जायचं, ओळख करून द्यायची, व्हिजिटिंग कार्डं दोन्ही हातांनी द्यायची-घ्यायची. आम्ही नऊ दिवसांत तेवीस ठिकाणी गेलो. गोदामवाल्या क्लायंटकडे मी दोन तास ठेवले होते, तेही कमी पडले. हेड ऑफिस म्हणेल, ऑनलाइन उरका. ऐकू नका. राजीनाम्याच्या पत्रातच हे दिवस मागून घ्या.