परसात खोदताना जुनं काही निघालं तर

तापी-गिरणाकाठच्या जुन्या गावात केळीसाठी खड्डा घेताना खापरं निघाली तर लगेच उकिरड्यावर फेकू नका. प्रकाशा, बहाळ इथल्या उत्खननात ताम्रपाषाण काळातली (तांब्याची आणि दगडाची हत्यारं सोबत वापरत तेव्हाची) भांडी सापडलीत, आणि आपल्या तापीकाठच्या सावळदा गावाच्या नावानं तर भांड्यांचा एक प्रकारच ओळखला जातो, शाळेत कोणी सांगत नाही ते सोडा.

आधी टिकाव थांबवा. वस्तू उपटू नका, जागेवरच शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा आणि जमिनीपासून किती खोल होती ते लिहून ठेवा, कारण कुठल्या थरात सापडली यावरूनच काळ कळतो, नुसता तुकडा हातात घेऊन तज्ज्ञालाही फार सांगता येत नाही.

नाणं निघालं की घरातलं कोणीतरी चिंच नाहीतर पितांबरी घेऊन येतंच, त्यांना लांब ठेवा! हिरवा थर घासला की त्याच्यासोबत अक्षरंही जातात. माती मऊ ब्रशनं झटका, सावलीत सुकू द्या, कागदी पाकिटात ठेवा, ओलं असताना प्लास्टिकमध्ये बांधू नका.

आता कायदा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार १० रुपयांपेक्षा (हो, दहाच) जास्त किमतीचं जमिनीत दडलेलं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं : काय, कुठे, कधी सापडलं. लपवलं तर सापडणाऱ्याला मिळू शकणारा आपला वाटा जातो, शिक्षाही होऊ शकते. सोनाराकडे वितळवायला तर अजिबात नेऊ नका. अर्जाच्या दोन प्रती करा, एकीवर शिक्क्यासकट पोच घ्या.