संगणकाचे स्वस्त स्पीकर कानाने कसे पारखावेत

इंदूरमध्ये जेलरोडवरच्या दुकानात स्पीकर ऐकवायला सांगितले, की बहुतेक वेळा ठेक्याचे एखादे चित्रपटगीत मोठ्या आवाजात लावले जाते, काउंटरची काच थरथरते आणि आपण मान डोलावतो. त्या अर्ध्या मिनिटात स्पीकरविषयी एवढेच कळते, की तो मोठ्याने वाजतो. चार वर्षांपूर्वी मी असाच एक संच घेतला होता, दोन लहान स्पीकर आणि सोबत एक सबवूफर, म्हणजे फक्त खालच्या स्वरांसाठीचे वेगळे खोके. रात्री घरी इंदूर घराण्याचे गायक अमीर खाँ साहेबांचा विलंबित ख्याल लावला आणि चूक लक्षात आली. तबलजी डग्ग्यावर मनगट सरकवतो तेव्हा घुमारा खालच्या स्वरातून वर चढतो. या संचावर मात्र तो चढतच नव्हता, दरवेळी एकाच स्वरात भुम्म असा येऊन थांबत होता. तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे सर्वांत खालचा स्वर, तर शेजारच्या घरात पाण्याची मोटर चालू असावी तसा ऐकू येत होता. ज्या गवयाची ओळखच सावकाश, मंद्रात म्हणजे खालच्या सप्तकात रमणाऱ्या आलापीची, त्याचा मंद्रच त्या खोक्याने बिघडवला होता.

तेव्हापासून हजार ते तीन हजार रुपयांच्या स्पीकरसाठी मी एकच कसोटी लावतो: त्यांनी काही गाळले तर चालेल, पण मुळात नसलेले काही घालता कामा नये. या किमतीत सगळे स्वर पूर्ण मिळणार नाहीत, हे मान्य करून ऐकायला बसावे.

ऐकण्यासाठी निवडलेले संगीत आपल्या कानात मुरलेले असावे. मी एक ख्याल, एक एकल तबलावादन आणि पाच मिनिटांचे बोलणे असे तीन तुकडे स्वतःच्या लॅपटॉपवर ठेवतो आणि तो लॅपटॉपच दुकानात नेतो. फाइल सीडीवरून घेतलेली किंवा निदान ३२० केबीपीएसची (सेकंदाला ३२० किलोबिट) असावी, कारण फार दाबलेल्या फाइलमधला दोष स्पीकरच्या माथी मारला जातो. त्याचबरोबर संगणकातील ध्वनी ‘सुधारणाऱ्या’ सर्व सोयी आणि खालचे-वरचे स्वर कमीजास्त करणारा इक्वलायझर बंद करावेत. जुन्या ध्वनिमुद्रणात मुळातच खरखर असते आणि वरच्या पट्टीचे बारकावे कमी असतात. म्हणून खाँ साहेबांच्या मुद्रणावर मंद्र आणि मध्य पारखावा, तबल्याच्या चाटेच्या, म्हणजे कडेच्या, नादासाठी मात्र अलीकडचे ध्वनिमुद्रण घ्यावे. संध्याकाळी जेलरोडवर हॉर्नचा इतका गजर असतो की खालचे स्वर त्यात बुडून जातात, त्यामुळे दुकान उघडताच जाणे बरे.

दोन संचांची तुलना करताना दोघांचा आवाज सारखा ठेवणे हे सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि नेमके तेच कुणी करत नाही. दोन डेसिबलने मोठा वाजणारा स्पीकर कानाला मोठा न वाटता अधिक चांगला वाटतो, आणि त्या भ्रमात भलताच संच घरी येतो. मोबाइलवरील ध्वनिमापक अ‍ॅपचे आकडे अचूक नसले, तरी एकाच जागी मोबाइल ठेवून दोन्ही संच एकाच आकड्यावर आणण्याइतके ते विश्वासार्ह असतात. नंतर तोच तुकडा वीस-तीस सेकंद आलटून पालटून ऐकावा आणि शक्य असल्यास कोणता संच चालू आहे हे न पाहता ऐकावा. मग आवाज अगदी खाली आणावा. हळू आवाजात आपल्या कानाला खालचे स्वर मधल्या स्वरांपेक्षा कितीतरी कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवले होते. तेव्हा हळू आवाजात खर्ज थोडा विरळ वाटला तर तो स्पीकरचा दोष मानू नये. मात्र बटण खाली आणताना एक बाजू आधी गप्प होत असेल किंवा फिरवताना खरखर येत असेल, तर तो संच सोडून द्यावा, कारण रात्री घरात आपण त्याच आवाजात ऐकणार असतो.

आता खालच्या स्वरांकडे वळू. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी ‘सा’ धरून, गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज (मधला ‘सा’) सुमारे १३९ हर्ट्झचा असतो आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झवर असते. स्पीकरच्या दोन-तीन इंचांच्या पडद्याला तेवढा खाली स्वर धड वाजवता येत नाही. तरीही खर्ज ऐकू आल्यासारखा वाटतो, कारण १३९, २०८, २७७ अशी त्याची स्वयंभू स्वरांची, म्हणजे मूळ स्वरासोबत आपोआप उमटणाऱ्या वरच्या स्वरांची, माळ स्पीकर वाजवत असतो आणि मूळ स्वर आपला मेंदू भरून काढतो. म्हणूनच प्रामाणिक लहान स्पीकरवरही तंबोरा ओळखीचा वाटतो, फक्त त्याचे वजन कमी होते. सबवूफर असलेल्या स्वस्त संचात धोका याच्या उलट असतो: सबवूफरचे खोके एका ठरावीक स्वराला जोरात घुमते आणि लहान स्पीकर व सबवूफर यांच्या मधला भाग, जिथे पुरुषी आवाजाचे अंग असते, तो पोकळ राहतो. डग्ग्यावरची मींड, म्हणजे मनगट सरकवून चढवलेला स्वर, ऐकताना स्वर सलग चढला पाहिजे. तो एका ठिकाणी एकदम फुगून पुढे विरत असेल, तर खोके घुमते आहे असे समजावे. माझ्या मते त्याच पैशात सबवूफर नसलेली, जाड लाकडी भुशाच्या फळीची जोडी जवळजवळ नेहमीच सरस ठरते.

मधल्या आणि वरच्या स्वरांसाठी बोलण्यासारखी परीक्षा नाही, कारण माणसाचा आवाज आपण जन्मापासून ऐकत आलो आहोत. बोलणारा नाकातून किंवा डब्यातून बोलतो असे वाटल्यास मध्य पट्टीत फुगवटा आहे. ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचत असतील तर वरची पट्टी तीक्ष्ण आहे. तबल्यावर चाटेवरचा ‘ना’ आणि मधल्या काळ्या शाईच्या कडेजवळचा ‘तिं’ यांतला फरक स्पष्ट कळला पाहिजे आणि ‘ना’ वाजून गेल्यावर त्याची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, हळूहळू विरली पाहिजे.

एकाच माणसाचे बोलणे चालू असताना ते दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधून यावे. ते पसरट, बिनठिकाणाचे वाटले आणि खालचे स्वरही क्षीण झाले, तर अनेकदा एका स्पीकरच्या तारा उलट जोडलेल्या असतात. त्या अदलून पुन्हा ऐकावे. दोन स्पीकर आणि आपले डोके यांचा समभुज त्रिकोण व्हावा, वरचे स्वर वाजवणारा लहान पडदा कानाच्या उंचीला यावा, आणि ते जमत नसेल तर पुढची बाजू पुस्तकाने जरा उचलावी. भिंतीला टेकवल्यास खालचे स्वर फुगतात, कोपऱ्यात ठेवल्यास आणखी. दुकानातल्या फळीवर बरा वाटलेला संच घरच्या कोपऱ्यात घुमू लागतो तो यामुळेच.

खोक्यावरचे आकडे फार वेळ वाचू नयेत. पीएमपीओचे, म्हणजे क्षणभराच्या फुगवलेल्या ताकदीचे, वॉट पूर्ण दुर्लक्षावेत आणि आरएमएस, म्हणजे अखंड मिळणाऱ्या ताकदीचे, तेवढे पाहावेत. केवळ यूएसबीवर चालणाऱ्या स्पीकरला यूएसबी २.० पोर्टमधून प्रमाणानुसार ५ व्होल्टवर अर्धा अँपिअर, म्हणजे अडीचच वॉट मिळतात. अशा स्पीकरवर दहा वॉट छापलेले असतील, तर ते त्या पोर्टवर अखंड मिळणे शक्य नाही.

शेवटी गाणे थांबवून शांततेत कान द्यावा. हाताच्या अंतरावरून जाणवणारी सूं अशी सळसळ खोलीत रात्रभर छळते. घूं असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावे; तो लगेच थांबला तर बहुधा दोष स्पीकरचा नसून विजेच्या जोडणीचा असतो. पैसे देण्यापूर्वी परत करण्याची मुदत विचारून ती पावतीवर लिहून घ्यावी आणि पहिल्याच रात्री, घर निजल्यावर, तोच ख्याल हळू आवाजात पूर्ण ऐकावा.